पॉलिपायरोलचा वाहक धागा, कामाची नोंद: सूत, रेशीम, जर आणि त्यांचे जोड

सुती २०/२ धाग्यावर पॉलिपायरोलचा, म्हणजे वीज वाहणाऱ्या काळ्या पॉलिमरचा, थर आता एकसारखा बसू लागला आहे. एकदा बुडवलेल्या लडीत सेंटिमीटरला २ ते ५ किलोओम मिळतात, दोनदा बुडवलेल्या लडीत १ किलोओमच्या आसपास. बोटाला काळे लागणे जवळजवळ थांबले आहे. धुण्यातला टिकाऊपणा अजून अर्धवट आहे. धातूशी जोड हा सगळ्यात नाजूक भाग आहे आणि या नोंदीत त्यालाच जास्त जागा दिली आहे, कारण बहुतेक प्रयोग धाग्यामुळे नव्हे, जोडामुळे फसतात.

आधी गणित, म्हणजे धाग्याकडून काय मागायचे ते कळेल. २०/२ सूत म्हणजे सुमारे ५९ टेक्स, म्हणजे १ मीटरला ०.०५९ ग्रॅम. सेल्युलोजची घनता १.५ धरली तर तंतूंचा एकूण छेद ०.०००४ चौरस सेंटिमीटर येतो. वजनात १० टक्के वाढ झाली तर पॉलिपायरोलच्या वाट्याला त्याचा दहावा भाग, ०.००००४ चौरस सेंटिमीटर. चांगल्या थराची वाहकता सेंटिमीटरला १० सीमेन्स धरली तर १ सेंटिमीटर धाग्याचा रोध २.५ किलोओम निघतो. थर सुमार असेल, वाहकता १ सीमेन्स असेल, तर २५ किलोओम. म्हणून एवढ्या बारीक धाग्यावर एका बुडवणीत मीटर २०० ओम दाखवू लागला तर खूश होऊ नये. धागा ओला आहे किंवा त्यात लोखंडाचे क्षार राहिले आहेत आणि वीज आयनांतून वाहते आहे, एवढाच त्याचा अर्थ. मोजणी फक्त पूर्ण वाळलेल्या धाग्यावर करावी.

याच गणितातून पुढचे ठरते. २० सेंटिमीटर धागा म्हणजे सुमारे ६० किलोओम. ५ व्होल्टवर त्यातून लाल एलईडीला मिळणार ०.०५ मिलिअँपिअर. दिवा लावायला हा धागा नाही. दाब, ताण, स्पर्श ओळखायला मात्र हाच रोध सोयीचा, कारण मायक्रोकंट्रोलरला थेट वाचता येतो आणि बॅटरी खात नाही. वीज वाहून नेण्याचे काम धातूच्या धाग्याकडे द्यायचे, जाणिवेचे काम काळ्या धाग्याकडे. ही वाटणी सुरुवातीलाच पक्की केली की पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

पेडॉट-पीएसएस हे दुसरे वाहक पॉलिमर का नाही, हा प्रश्न येतोच. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात २०१७ साली पेडॉट-पीएसएसने रंगवलेले, मशीनमध्ये धुता येणारे रेशीम तयार झाले, त्याची वाहकता सेंटिमीटरला १४ सीमेन्सपर्यंत होती. पद्धत उत्तम आहे, पण तयार द्रावण आयात करावे लागते आणि छोट्या बाटलीलाही बरेच पैसे पडतात. पायरोल (ज्याचे रेणू जोडून पॉलिपायरोल बनते) आणि फेरिक क्लोराइड त्या मानाने सहज मिळतात, आणि तंतूच्या अंगावरच पॉलिमर तयार होत असल्याने तो पिळाच्या आतपर्यंत पोचतो. तयार कापडावर हीच रीत वापरून संवेदक कसे करता येतात हे २०२० च्या ‘पॉलिसेन्स’ या संशोधनाने दाखवले आहे.

सूत तयार करणे

५ ग्रॅम सूत, म्हणजे साधारण ८५ मीटर. त्याची सैल लडी करावी आणि चार ठिकाणी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे ढिले बंध घालावेत. बंध घट्ट झाला तर त्याखाली द्रावण पोचत नाही आणि बांधणीच्या साडीत जसा ठिपका कोरा राहतो तसे पांढरे कडे राहते. साडीत ते नक्षी असते, इथे तेवढ्यात सर्किट तुटते. मीटर अधूनमधून ‘उघडे’ दाखवू लागला की आधी बंधांच्या जागा पाहाव्यात.

खळ आणि मेण काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. २५० मिलिलिटर पाणी, १ ग्रॅम धुण्याचा सोडा, अर्धा ग्रॅम सौम्य द्रवसाबण, तासभर मंद उकळी. मग भरपूर पाण्यात खळबळून शेवटचे पाणी डिमिनरलाइज्ड घ्यावे. वाळलेल्या सुतावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा: क्षणात आत शिरला तर ठीक, वर गोल उभा राहिला तर पुन्हा उकळी. शिलाईच्या तयार रिळांवर बहुधा मेण किंवा सिलिकोनचा हात असतो, त्यामुळे लोकरीच्या दुकानातले क्रोशाचे सूत किंवा हातमागाचे कोरे सूत घेतलेले बरे.

रसायने

पायरोल फिकट पिवळसर असावा. तपकिरी झालेल्या पायरोलमध्ये आधीच लहान साखळ्या तयार झालेल्या असतात आणि थर ठिसूळ, कमी वाहक येतो. सिरिंजमध्ये खाली कापूस, वर ३ ते ४ सेंटिमीटर बेसिक अ‍ॅल्युमिना भरून त्यातून गाळला तर तो पुन्हा जवळजवळ रंगहीन होतो. गाळलेला त्याच दिवशी वापरावा.

हा विषारी आणि ज्वलनशील द्रव आहे, त्याच्या वाफा श्वासात जाऊ नयेत. त्याचा ज्वलनबिंदू ४० अंशांच्या आतच आहे, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीतले दुपारचे तापमानसुद्धा त्याहून वर जाऊ शकते. बाटली काळ्या कागदात, खाण्याचे पदार्थ नसलेल्या वेगळ्या फ्रिजमध्ये. काम फ्यूम हूडखाली किंवा निदान खुल्या गच्चीवर, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घालून. स्वयंपाकघरात नाही.

फेरिक क्लोराइड पीसीबी (सर्किट बोर्ड) खोदायला वापरतात तेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. पण पिवळे-तपकिरी ओलसर खडे म्हणजे सहा रेणू पाणी असलेले हेक्साहायड्रेट, आणि काळसर-हिरवी पूड म्हणजे निर्जल. दोन्हींचे वजन वेगळे घ्यावे लागते, आणि इथे गल्लत झाली की सगळे प्रमाण कोसळते. निर्जल पूड पाण्यात पडताच तापते आणि तिखट वाफा सोडते, म्हणून ती चिमूट-चिमूट करून बर्फाच्या पाण्यात टाकावी. उलटे कधी करू नये. बाटलीतून मिळणारे तयार द्रावण टाळावे, त्याची तीव्रता नेमकी कळत नाही.

बुडवणी

५ ग्रॅम सुताला:

पहिले भांडे: डिमिनरलाइज्ड पाणी १०० मिलिलिटर, पायरोल ०.७ मिलिलिटर (१० मिलिमोल).

दुसरे भांडे: तेवढेच पाणी, फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ६.२ ग्रॅम (निर्जल असेल तर ३.७ ग्रॅम), पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्ल मोनोहायड्रेट ०.९५ ग्रॅम.

मोलमध्ये फेरिकचे प्रमाण पायरोलच्या २.३ पट. साखळीत जोडला जाताना पायरोलचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, आणि साखळीवर धनभार आणायला प्रत्येक तीन-चार रेणूंमागे आणखी एक, म्हणून २.२५ ते २.३३. याहून बरेच जास्त ऑक्सिडंट (इथे फेरिक क्लोराइड) घातले तर साखळीच पोखरली जाते आणि रोध वाढतो. सल्फोनिक आम्लाचा ऋण आयन त्या धनभाराला सोबत करतो. नुसत्या क्लोराइडवरही थर बनतो, पण क्लोराइड आयन लहान, लवकर धुऊन निघतो. मोठा सेंद्रिय आयन जागेवर टिकतो.

आम्ल पायरोलच्या भांड्यात टाकू नये. ऑक्सिडंट नसतानाही आम्लामुळे पायरोलच्या लहान तांबूस साखळ्या बनू लागतात, आणि त्या वाहक नसतात.

दोन्ही भांडी काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची. स्टीलचे पातेले चालत नाही: फेरिक क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडते, आणि सुटलेले धातू थरात शिरतात. दोन्ही भांडी बर्फात ठेवून ० ते ५ अंशांवर आणावीत. सूत पायरोलच्या पाण्यात अर्धा तास, मधूनमधून दाबून आतली हवा काढत. मग दुसऱ्या भांड्यातले द्रावण दहा मिनिटांत थोडे-थोडे ओतावे आणि काचेच्या कांडीने लडी फिरवत राहावी. सूत आधी राखाडी-हिरवे, मग काळे होते. दोन तास पुरेत. चार तासांनी रोध फारसा उतरत नाही, उलट फेरिकच्या आम्लधर्मी पाण्यात सेल्युलोज कुजू लागते आणि धागा ओढताच तुटतो.

थंडपणावर एवढा भर का? तापमान वाढले की अभिक्रिया पाण्यातच धावते. तंतूवर थर बसण्याऐवजी द्रावणात काळी भुकटी बनते आणि ती नुसती धाग्यावर चिकटते. मीटर ठीक दाखवतो, पण बोट फिरवले की काळे निघते आणि रोध चढत जातो. शिवाय गरम द्रावणात रेणू वाकडेतिकडे जोडले जातात आणि साखळीची वाहकता घटते. काळे सुटत असेल तर बहुधा तीनपैकी एक कारण असते: पाणी गरम, ऑक्सिडंट एकदम ओतले, किंवा पायरोल जास्त. दाट थर हवा असेल तर प्रमाण दुप्पट करू नये, हीच बुडवणी धुऊन दुसऱ्यांदा करावी. तिसऱ्यांदा केलेली फायद्याची नाही. थर जाड होतो, गाठ मारताच तडकतो.

धुणे, आणि हिरड्याची चाचणी

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच चुकवला जातो. धाग्यात राहिलेले फेरिक क्लोराइड पुढे तांबे आणि चांदी दोन्ही खाते. पीसीबीवर ते करते तेच काम ते आपल्या जोडावर करते. जोड पहिल्या दिवशी उत्तम आणि काही दिवसांनी मेगाओममध्ये, हे चित्र दिसले तर आधी धुण्यावर संशय घ्यावा.

डिमिनरलाइज्ड पाण्यात लडी पाच-सहा वेळा बदलून धुवावी, दरवेळी दहा मिनिटे. नळाचे जड पाणी नको. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे लोखंड गंजाच्या रूपात धाग्यातच बसते. शेवटच्या पाण्याचा नमुना वाटीत घेऊन त्यात हिरड्याच्या काढ्याचे चार थेंब टाकावेत. हिरड्यातील टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर-काळे होते. कापडाला काळा रंग देण्यासाठी आणि शाई करण्यासाठी पूर्वापार वापरलेली हीच अभिक्रिया. पाणी करडे झाले तर आणखी धुवावे, पिवळसर राहिले तर लोखंड निघून गेले. हिरडा नसेल तर कोऱ्या चहाचा दाट काढाही चालतो, फक्त त्याच्या स्वतःच्या रंगामुळे फरक पाहायला पांढरी वाटी लागते.

नुसत्या पाण्याने थोडा डोपंटही (साखळीच्या धनभारासोबतचा ऋण आयन) निघून जातो. म्हणून शेवटी लिटरला १ ग्रॅम सल्फोनिक आम्ल असलेल्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून, न पिळता, सावलीत वाळवावे. इस्त्री, ड्रायर, उन्हातली दोरी नको.

उरलेले पाणी रात्रभर झाकून ठेवावे म्हणजे शिल्लक पायरोल संपतो. मग धुण्याचा सोडा हळूहळू घालून सामू ७ ते ८ वर आणावा. फेस येतो, भांडे मोठे घ्यावे. तळाशी बसलेला लोखंडाचा गाळ गाळून, वाळवून, घातक कचऱ्यात द्यावा. बागेत किंवा मोरीत नाही.

रेशीम आणि इतर तंतू

सुतापेक्षा रेशीम या कामाला जास्त मानवते, आणि आता लक्ष तिकडे वळवले आहे. प्रथिनाचा तंतू आम्ल सोसतो, त्यामुळे बुडवणीनंतरही ताकद टिकते. मात्र कच्च्या रेशमावरचा सेरिसिन नावाचा डिंक आधी साबणाच्या उकळीत काढावा लागतो. त्यात वजन सुमारे पाव भागाने घटते. सोडा जपून, कारण रेशमाला अल्कली सोसत नाही. डिंक राहिला तर थर डिंकावर बसतो आणि सालीसारखा सुटतो. नायलॉनही चांगला घेतो. पॉलिएस्टर पाणी धरत नाही, त्यावर थर ठिपक्यांत येतो. कॉस्टिकने पृष्ठभाग खाऊन घेतल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

सूत आणि रेशीम यांची तुलना नुसत्या ओमवर करू नये. सेंटिमीटरचा रोध गुणिले टेक्स, हा आकडा ठेवावा. नाहीतर जाड धागा नेहमीच ‘चांगला’ दिसतो.

मोजणी आणि जोड

मल्टिमीटरच्या टोकदार कांड्या धाग्यावर दाबून मिळणारा आकडा निरुपयोगी आहे. दाब बदलला की तो दुप्पट-तिप्पट हलतो. एकाच लडीतून १, २, ५ आणि १० सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत, दोन्ही टोकांना एकसारखा जोड करावा आणि लांबीविरुद्ध रोधाचा आलेख काढावा. रेषेचा उतार म्हणजे धाग्याचा रोध, आणि लांबी शून्यावर रेषा जिथे उभ्या अक्षाला छेदते तो दोन जोडांचा मिळून रोध. हा एकच आलेख जोडाच्या प्रत्येक पद्धतीचे खरे रूप दाखवतो.

पॉलिपायरोलला डाग (सोल्डर) लागत नाही, तापताच तो करपतो. आतापर्यंत सर्वांत भरवशाचा जोड असा: काळा धागा आणि चांदीचा मुलामा असलेला नायलॉन धागा शेजारी ठेवून चांदीच्या धाग्याचे दहा-बारा वेढे काळ्यावर घट्ट द्यायचे, त्यावर दागिन्यांतला २ मिलिमीटरचा पितळी क्रिम्प मणी चढवून पकडीने चेपायचा. टिचबटणही चालते, पण नुसता धागा त्याखाली दाबला तर दात थर कापतात. आधी चांदीच्या धाग्याने जागा भरून घ्यावी. वरून झाकायला सिलिकोन वापरायचा तर न्यूट्रल प्रकारचा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतो आणि तांबे-पितळ हिरवे पडते.

वाहक धागा म्हणून जरीचा विचार महाराष्ट्रात सहज सुचतो, आणि त्याला आधारही आहे. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधल्या संशोधकांनी २००० साली कापडातल्या सर्किटांवर जे लिहिले, त्यात भारतात विणल्या जाणाऱ्या जरीच्या ऑर्गन्झाचाच वापर होता: रेशमाच्या धाग्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली, सेंटिमीटरला सुमारे ०.१ ओम. पैठणीत वापरतात तशी खरी जर, म्हणजे रेशमावर चांदीची चपटी तार, तारेच्या कामाला चांगली. तांब्यावर मुलामा असलेली नकली जरही वाहते, पण वरचे लाखेचे अस्तर जोडाच्या जागी खरवडावे लागते. प्लॅस्टिकची जर पॉलिएस्टर फिल्मवर धातूची वाफ बसवून आणि वरून लाखेचा हात देऊन केलेली असते. मीटर बहुधा काहीच दाखवत नाही. जर शिवणयंत्राच्या सुईतून घालू नये, पट्टी सोलून निघते. जरदोजीवाले करतात तशी ती कापडावर आडवी ठेवून दुसऱ्या धाग्याच्या टाक्यांनी बसवावी.

वाचन

साधा व्होल्टेज विभाजक पुरतो, म्हणजे धागा आणि एक स्थिर रेझिस्टर एकापुढे एक जोडून मधले व्होल्टेज वाचायचे. धाग्याचा रोध २० ते ४५ किलोओममध्ये हलत असेल तर स्थिर रेझिस्टर दोघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे ३० किलोओम. आर्डुइनोच्या एटीमेगा ३२८ ला १० किलोओमपेक्षा कमी स्रोतरोध अपेक्षित असतो, म्हणून पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा किंवा एमसीपी ६००२ या ऑप-अ‍ॅम्पचा बफर. एलएम ३५८ नको, तो वरच्या व्होल्टेजच्या दीड व्होल्ट अलीकडेच थांबतो.

तापमान वाढले की पॉलिपायरोलचा रोध घटतो, आणि दमट हवेतही तो सरकतो; कोकणातला पावसाळा आणि देशावरचा उन्हाळा यांत एकच संवेदक वेगळे आकडे देईल. यावर चांगला उपाय म्हणजे विभाजकातला स्थिर रेझिस्टर काढून त्याजागी त्याच लडीतला, तेवढ्याच लांबीचा, ताण न येणारा धागा बसवणे. दोन्ही एकाच हवेत असल्याने सरकणे बरेचसे आपोआप वजा होते. विणलेल्या पट्टीत ताणाने रोध कधी वाढतो, कधी घटतो: थर ताणला जाऊन वाढतो, टाके एकमेकांवर दाबले जाऊन घटतो. कुठला परिणाम वरचढ ठरेल ते विणीवर अवलंबून असल्याने प्रत्येक पट्टी स्वतंत्र मोजावी.

धुण्याबाबत: कपड्याची पावडर अल्कधर्मी असते, ती साखळीवरचा भार आणि सोबतचा आयन काढून घेते आणि रोध झपाट्याने चढतो. रिठ्याच्या थंड पाण्यात हलके धुऊन, शेवटी सल्फोनिक आम्लाच्या पाण्यातून काढले तर बराचसा परत येतो, पूर्ण नाही. चांदीचे जोड असलेली पट्टी मात्र आम्लाच्या पाण्यात बुडवू नये. जोड वर धरून फक्त काळा भाग बुडवावा.

पुढचा नमुना

आठ बाय आठची दाबपट्टी मागावर घ्यायची आहे. उभे आणि आडवे दोन्ही धागे काळे ठेवले तर दोन-दोन सेंटिमीटरवरच्या आठव्या छेदापर्यंत एकाच धाग्यात ४८ किलोओम साचतात आणि लांबच्या कोपऱ्यातला दाब हलका वाटतो. म्हणून ओळी जरीच्या, स्तंभ चांदीच्या नायलॉनचे, आणि काळे रेशीम फक्त छेदांवर, स्तंभाच्या धाग्याभोवती गुंडाळलेले. वाचताना एका वेळी एकच ओळ ५ व्होल्टवर, बाकी सातही ओळी जमिनीला, आणि प्रत्येक स्तंभ ऑप-अ‍ॅम्पच्या आभासी जमिनीवर. नाहीतर वीज शेजारच्या छेदांतून वळसा घालून येते आणि न दाबलेली जागा दाबल्यासारखी दिसते. आभासी जमीन शून्यावर असल्याने ऑप-अ‍ॅम्पचे उत्तर ऋण येते, त्यामुळे एक तर दुहेरी पुरवठा द्यावा किंवा सगळी जमीन २.५ व्होल्टवर उचलून घ्यावी. चार ऑप-अ‍ॅम्प असलेल्या एमसीपी ६००४ च्या दोन चिप्समध्ये आठही स्तंभ बसतात, आणि ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालवायचे असल्याने दुसरा मार्ग घेतला आहे.